काकांच्या डब्यातले तेवीस आवाज

गरब्याच्या मैदानावर बेस गिटार ऐकायला कुणी जात नाही. ढोल ऐकू येतो, गायिकेची तान ऐकू येते, मध्येच बासरीची एखादी फिरत कानावर पडते. बेस मात्र पायांना कळतो. तो चालू असेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही, आणि बंद पडला की खेलैयांना नुसतं काहीतरी पोकळ झाल्यासारखं वाटतं. आपण बडोदेकरांनी आयुष्यातल्या कितीतरी नवरात्री मैदानावर घालवल्या असतील, पण स्टेजच्या मागच्या बाजूला, ढोलवाल्यांच्या आडोशाला उभ्या असलेल्या बेसवाल्याचा चेहरा किती जणांना आठवेल? माझे काका त्या जागेवर सतरा नवरात्री उभे होते.

आता ती जागा त्यांच्या मुलीने, म्हणजे माझ्या चुलत बहिणीने घेतली आहे. दोन वर्षं ती साध्या जोडणीवर वाजवत होती. यंदा तिने ठरवलं, की वाजवायचं तर बाबांच्या जुन्या प्रीॲम्पमधूनच. मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर असल्याने राउटर बंद पडण्यापासून आजीच्या श्रवणयंत्राच्या ब्लूटूथपर्यंत घरातलं सगळं माझ्याकडे येतं. तसा हा डबाही आला.

प्रीॲम्प म्हणजे काय, ते आधी सांगतो. गिटारच्या तारांखाली चुंबक आणि तांब्याच्या तारेची गुंडाळी असते. तार हलली की त्यात इवलासा विद्युतप्रवाह निर्माण होतो. तो थेट मोठ्या ॲम्प्लिफायरला देण्याइतका दमदार नसतो. प्रीॲम्प त्याला आधी बळ देतो आणि त्याचा पोतही ठरवतो: जाड, बारीक, गोल, खरखरीत. काकांचा प्रीॲम्प एकोणीस इंच रुंदीचा, लोखंडी, चपटा डबा आहे. समोर चार-पाच बटणं आणि लाल आकड्यांची छोटी पट्टी. फिरवायचे खुंटे जवळपास नाहीतच. १९९२ साली काकांचा संच नवरात्रीआधीच्या कार्यक्रमांसाठी अमेरिकेला गेला होता, तेव्हा न्यू जर्सीत त्यांनी तो जुना म्हणून विकत घेतला. सोबत स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागला, कारण तिकडची वीज ११० ते १२० व्होल्टची आणि आपली २३०. तो ट्रान्सफॉर्मर डब्यापेक्षा जड आहे. काकूने कित्येक वर्षं तो दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराशी लावून ठेवला होता.

खुंटे नसलेलं यंत्र काकांनी का घेतलं, हे गरबा ठाऊक असलेल्या माणसाला सांगायला नको. आपल्याकडे संगीत थांबत नाही. संथ हींचने सुरुवात होते, बे ताळी, त्रण ताळी, लय चढत जाते, आणि मध्यंतराच्या आरतीपर्यंत वादकाचे दोन्ही हात गुंतलेले असतात. संथ चालीत बेस लांबट आणि मऊ हवा, द्रुत चालीत तोच आवाज चिखल होतो. मग तो आखूड आणि टणक हवा. सुगम संगीताच्या कार्यक्रमात दोन गाण्यांच्या मध्ये निवेदक बोलत असतो, तेवढ्यात खुंटे फिरवता येतात. गरब्यात निवेदक नसतो. पायाने एक बटण दाबलं आणि सगळे खुंटे आपोआप योग्य जागी गेले, तर आणि तरच जमतं.

१९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात अशी यंत्रं निघाली. कॅलिफोर्नियातल्या एडीए कंपनीचा एमपी-१ हा गिटारचा प्रीॲम्प १९८७मध्ये आला आणि त्याने हा प्रकार लोकप्रिय केला. बेससाठी त्याच कंपनीने पुढे एमबी-१ काढला. आमच्या घरातलं यंत्र याच पिढीतलं. या पिढीची गंमत अशी, की आवाज पूर्णपणे जुन्या पद्धतीचा. आत १२एएक्स७ जातीच्या काचेच्या व्हॉल्व्ह आहेत, आपल्या आजोबांच्या रेडिओतल्यांच्या भाऊबंद. पण त्या व्हॉल्व्हच्या आजूबाजूचे खुंटे माणूस फिरवत नाही, एक छोटा प्रोसेसर फिरवतो. कुठला खुंटा किती, याचे आकडे स्मृतीत जपलेले. अशा १२८ जागा. काकांनी त्यातल्या तेवीस वापरल्या होत्या.

पायातल्या बटणाकडून डब्याकडे निरोप जातो तो मिडी नावाच्या भाषेत. जानेवारी १९८३मध्ये अमेरिकेत ॲनाहाइमच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियल कंपनीचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ हे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका तारेने जोडले गेले आणि एकमेकांशी बोलले. त्यामागचे दोघे, डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी, यांना २०१३मध्ये त्यासाठी तांत्रिक ग्रॅमी मिळालं. मिडीच्या तारेतून आवाज जात नाही, हे लोकांना समजावताना मला नेहमी मैफल आठवते. गवई तबलजीकडे नुसतं बघतो, आणि तबलजी ठेका बदलतो. ती नजर म्हणजे मिडी. आवाज तबल्यातूनच येतो. बटण दाबल्यावर तारेतून दोन आकडे जातात: पहिला १९२, म्हणजे ‘पहिल्या चॅनेलवर प्रोग्रॅम बदला’, आणि दुसरा प्रोग्रॅमचा क्रमांक. सेकंदाला ३१,२५० बिट हा वेग, एका आकड्याला दहा बिट, म्हणजे दोन्ही आकडे मिळून एका मिलिसेकंदाच्या आत पोचतात. चाळीस वर्षांपूर्वी ठरलेला हा वेग आजही तोच आहे. माझ्या ऑफिसात तीन वर्षांपूर्वीचा प्रोग्रॅम कुणी उघडायला धजत नाही, तेव्हा मला त्या लोकांचा हेवा वाटतो.

खरा घोर होता तो स्मृतीचा. आजच्या फोनमधल्या स्मृतीला वीज नसली तरी चालतं. त्या काळच्या या चिपला चालत नव्हतं. डबा बंद असताना तिला जिवंत ठेवायला आत नाण्याच्या आकाराची एक लिथियम बॅटरी होती. ती संपली की तेवीसच्या तेवीस आवाज पुसले जाणार. एकदा तसं झालंही होतं. २००३ साली बॅटरी संपली, काकांनी नवी बसवून घेतली आणि सगळे आकडे आपल्या वहीतून पुन्हा एकेक करून भरले. त्या वहीत प्रत्येक क्रमांकासमोर त्यांच्या वळणदार अक्षरात ‘हींच, संथ’, ‘आरती’ असं लिहिलेलं असायचं. ती वही आता नाही. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी काकांच्या तळमजल्यात शिरलं, त्यात ती लगदा झाली. डबा माळ्यावर होता म्हणून वाचला. म्हणजे काकांच्या आवाजांची जगातली एकमेव प्रत बावीस वर्षं जुन्या बॅटरीच्या भरवशावर होती. हिशेब करून पाहिला: अशा बॅटरीत साधारण २२० मिलिॲम्पिअर-तास साठा असतो, आणि चिप झोपेत एक मायक्रोॲम्पिअर घेते असं धरलं, तर पंचवीस वर्षं निघतात. बॅटरी आपोआप झिजते ते वेगळं.

आणि काकांना विचारून आवाज पुन्हा बसवता येतील, तर तेही अवघड होतं. काका आता बहात्तरचे आहेत, दोन्ही कानांना यंत्र आहे. वयाने जाणारी श्रवणशक्ती वरच्या पट्टीपासून जाते. त्यामुळे बेसचा खर्ज त्यांना अजून छान ऐकू येतो, पण तारेवर बोट पडल्याचा टक्कन येणारा आवाज ऐकू येत नाही. बहिणीने घरी वाजवून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, ‘‘सूर आहे गं, पण बोट कुठे आहे?’’ बोट होतं. त्या डब्यात काकांचे चाळिशीतले कान आकड्यांच्या रूपात बसले होते, आणि ते दुसरीकडे कुठेच उरले नव्हते.

डबा कित्येक वर्षांत चालू केलेला नव्हता. घरी भिंतीतल्या प्लगला लावून बघायचा मोह आवरला, कारण आतले जुने कपॅसिटर अशा वेळी दगा देतात, आणि व्हॉल्व्हच्या यंत्रात प्लग काढल्यावरही काही काळ जिवावर बेतणारा दाब शिल्लक राहतो. रावपुऱ्यात रेडिओ दुरुस्त करणारे एक जुने कारागीर आहेत, त्यांच्याकडे नेला. त्यांनी तो सिरीज बल्बवर लावला. यंत्राच्या वाटेत एक साधा साठ वॅटचा बल्ब जोडायचा. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि यंत्र वाचतं. बल्ब क्षणभर उजळला, मग निखाऱ्यासारखा मंद झाला. लाल पट्टीवर आकडा आला: ३१. मग त्यांनी बॅटरी मोजली. नव्या बॅटरीत तीन व्होल्टच्या वर असतात, हिच्यात २.६ होते. दोनच्या आसपास अशा चिपा विसरायला लागतात.

बॅटरीला हात लावण्याआधी आकडे बाहेर काढायचे होते. पहिली पद्धत बैठी. दोन संध्याकाळी बहीण बटणं दाबत एकेक आकडा वाचत होती आणि मी तक्त्यात भरत होतो. तेवीस आवाज, प्रत्येकात बावीस-चोवीस आकडे. काका शेजारी बसून चहा पीत होते आणि मध्येच एखाद्या आकड्याला ‘‘हं’’ म्हणत होते.

दुसरी पद्धत माझ्या आवडीची. अशा यंत्रांना आपली सगळी स्मृती मिडीच्या तारेतून एका दमात ओकता येते. निरोप २४०ने सुरू होतो, २४७ने संपतो, मधलं सगळं त्या यंत्राची खासगी भाषा. मिडीत माहितीचा आकडा १२७च्या वर जाऊ शकत नाही, म्हणून यंत्र एका आकड्याचे दोन तुकडे करून पाठवतं. १२८ जागा, प्रत्येकी २४ आकडे, दुप्पट करून ६,१४४. सेकंदाला ३,१२५ या वेगाने जेमतेम दोन सेकंद. सतरा नवरात्रींचं काम दोन सेकंदांत माझ्या लॅपटॉपवर आलं, तेव्हा बहीण म्हणाली, ‘‘झालं? एवढंच?’’ स्वस्तातल्या मिडी केबली लांब निरोप मध्येच गाळतात, म्हणून तीनदा उतरवून घेतलं. तिन्ही नकला अक्षरशः सारख्या आल्या.

पण कुठला आकडा कशाचा? त्याला मुलांच्या मासिकातला ‘फरक ओळखा’चा खेळ खेळलो. रिकाम्या जागेतल्या आवाजात एकच गोष्ट एका पायरीने बदलायची, पुन्हा उतरवायचं, आधीच्या फाइलशी ताडून बघायचं. जो आकडा हलला तो त्याचा. एका रविवारी सगळा नकाशा तयार झाला आणि हाताने भरलेल्या तक्त्याशी जुळवला. मगच कारागिरांनी जुनी बॅटरी काढली, पट्टीवर अर्थहीन आकडे नाचले, नवी बसवली. या वेळी डाग दिलेली नव्हे, तर बोटाने काढता येईल अशा खोबणीत. मी फाइल परत पाठवली. दोन सेकंद. पट्टीवर पुन्हा ३१.

इथवरची गोष्ट कुठलाही इंजिनिअर सांगेल. मला जास्त विचार करायला लावलं ते आकड्यांनी. मला वाटलं होतं, की बेसवाल्याने खर्ज भरपूर वाढवलेला असणार. उलटं निघालं. तेवीसपैकी एकोणीस आवाजांत काकांनी खालची बाजू कमी केली होती आणि सातशे-आठशे हर्ट्झच्या आसपास उचल दिली होती. शिवाय व्हॉल्व्हला जरा जास्तच रेटलं होतं, इतकं की आवाज किंचित फाटतो.

कारण विचारलं तर काका म्हणाले, ‘‘खाली ढोल बसलाय. त्याच्या अंगावर कशाला जायचं?’’ दुसरं कारण त्यांना शब्दांत सांगता येत नव्हतं, पण ते भौतिकशास्त्रात आहे. बेसच्या सर्वांत जाड तारेचा सूर ४१ हर्ट्झचा. नव्वदच्या दशकात मैदानाच्या टोकांना खांबांवर जे भोंगे लावत, त्यांना ४१ हर्ट्झ काढणं शक्यच नव्हतं. पण माणसाचा मेंदू हुशार असतो. त्याला ८२, १२३, १६४ असे त्याच सुराचे वरचे पडसाद एकत्र ऐकू आले, की तो खालचा ४१ स्वतःच भरून काढतो, हवेत नसला तरी ऐकतो. रेटलेली व्हॉल्व्ह नेमके हे पडसाद निर्माण करते. म्हणजे काका भोंग्यातून जो खर्ज ऐकवत होते तो भोंग्यातून येतच नव्हता, तो खेलैयांच्या डोक्यात वाजत होता.

४७ क्रमांकाने आम्हाला दोन दिवस छळलं. त्यात पन्नास हर्ट्झला एक खोल, अरुंद खड्डा होता, शंभरला दुसरा. बाकी काही नाही. कुठल्याही चालीला शोभेल असा तो आवाज नव्हता. शेवटी काकांनाच आठवलं: ‘‘जनरेटर!’’ वीज गेल्यावर मैदानावर जनरेटर चालू व्हायचा आणि स्पीकरमधून घूं असा आवाज यायचा. आपली वीज पन्नास हर्ट्झची, तिची गुणगुण पन्नास आणि शंभरलाच येणार. काकांनी तेवढाच भाग कापला होता. तोटा एवढाच, की जाड तारेवरच्या तिसऱ्या पडद्याचा सूर ४९ हर्ट्झचा, तोही त्या खड्ड्यात पडायचा. ‘‘म्हणून तो सूर मी वरच्या सप्तकात घ्यायचो,’’ असं सांगून त्यांनी हवेतच बोटं टाकून दाखवली.

यावरून घरात जरा वाजलंही. आता मैदानावर भोंगे नाहीत, ४० हर्ट्झ सहज काढणारे सबवूफर आहेत. त्यांच्यावर काकांचे आवाज बारीक वाटतात. माझं म्हणणं होतं, की आकडे जसेच्या तसे राहू द्यावेत, तो एक ऐवज आहे. बहीण म्हणाली, ‘‘दादा, बाबांचे आकडे काय देवघरात ठेवायचेत? मला नऊ रात्री वाजवायचंय.’’ काकांनी तिची बाजू घेतली. आम्ही तेवीस आवाज मूळ जागी तसेच ठेवले आणि ६५पासून पुढे त्यांच्या नकला करून तिने त्या आपल्या कानाने बदलल्या. खर्ज थोडा परत आणला, फाटणं कमी केलं. ढोलाची जागा मात्र मोकळीच ठेवली. माझ्या मते हीच बाजू बरोबर होती. मूळ फाइल तीन घरांत आहे आणि कागदावर छापूनही ठेवली आहे. तेवढं असल्यावर खुशाल बदलावं.

पायातलं बटण जोडताना नवख्याला हमखास एक कोडं पडतं. १२ दाबावं तर यंत्र १३वर जातं. बिघाड काही नसतो. तारेतून क्रमांक ० ते १२७ जातात, पण काही कंपन्या माणसांच्या सोयीसाठी १ ते १२८ दाखवतात, काही दाखवत नाहीत. एकीकडे एक मिळवायचा, एवढंच. दुसरी अडचण अशी, की ही जुनी यंत्रं आवाज बदलताना निमिषभर गप्प होतात. समेवर बदललं तर सम खाल्ली जाते. १४० लयीत एक ठोका सव्वाचारशे मिलिसेकंदांचा असतो. बहिणीने तोडगा काढला तो तबलजींच्या घरात शोभेल असा: बदल खालीवर करायचा, जिथे बेस तसाही थांबलेला असतो. आता बटणावर पाय कधी पडतो, हे शेजारच्या ढोलवाल्यालाही कळत नाही.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी त्या काळातला एखादा कीबोर्ड किंवा सिंथेसायझर असेल, ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या काका-मामांचा. त्यातही बहुधा अशीच बॅटरी आहे. आवाज जपायचे असतील तर यंत्र चालू होतंय तोवर उतरवून घ्या. घरी उघडू मात्र नका, जाणकाराकडे न्या आणि नवी बॅटरी खोबणीत बसवून घ्या.

गेल्या आठवड्यात काकांच्या बैठकीत सराव झाला. बहिणीने ६५, मग ७१ वाजवला. काका भिंतीला टेकून, स्पीकरच्या पेटीवर तळवा ठेवून ऐकत होते. मग तिने १०० लावला. हा तिने कुणाला न सांगता केला होता. त्यात खर्ज उतरवून दोन-अडीच हजार हर्ट्झचा भाग इतका वर नेलाय, की आपल्याला तो कर्कश वाटतो, तारेवर नख वाजल्यासारखा. काकांनी पेटीवरचा हात काढला आणि म्हणाले, ‘‘हां. आता बोट आलं.’’ १०० मैदानावर वाजणार नाही, तो फक्त बैठकीतल्या सरावासाठी आहे.